निद्रानाशावरील नवी औषधे

बऱ्हाणपुरात यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्यास दिवसा झोप लागेनाशी झाली, की हात सहज गोळीकडे वळतो. अल्प्राझोलामसारख्या जुन्या गोळ्या मेंदूची क्रिया एकंदरच मंदावतात. त्यांची सवय जडते आणि त्या एकाएकी सोडणेही धोक्याचे असते. भारतात २०१४ पासून अल्प्राझोलाम व झोल्पिडेम ‘एच-१’ अनुसूचीत असून, विक्रेत्यास त्यांच्या विक्रीची नोंद तीन वर्षे जपावी लागते.

नव्या औषधांचा मार्ग निराळा आहे. मेंदूला जागे ठेवणारे ‘ओरेक्सिन’ हे द्रव्य १९९८ मध्ये उजेडात आले. त्याचा संदेश रोखणाऱ्या सुव्होरेक्सन्टला २०१४, लेम्बोरेक्सन्टला २०१९ आणि डॅरिडोरेक्सन्टला २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ही औषधे झोप लादत नाहीत. जागेपणाचा जोर ओसरू देतात. तरीही दुसऱ्या दिवशी गुंगी राहू शकते, म्हणून यंत्र वा वाहन चालविणाऱ्यांनी सावध राहावे. मद्यासोबत ती घेऊ नयेत. नार्कोलेप्सीच्या रुग्णांस ती वर्ज्य आहेत.

दीर्घकालीन निद्रानाशावरील पहिला उपचार मात्र गोळी नव्हे, तर झोपेच्या सवयी व तिच्याविषयीची चिंता बदलणारी वर्तनोपचार पद्धती होय.