चौलची खाडी आणि कैरोचे तख्त



अरब आणि तुर्क देशांतील राज्यक्रांत्यांचा विषय निघाला, की तो आपणांस फार दूरचा वाटतो. कैरो, बगदाद, इस्तंबूल ही नावे आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. परंतु रेवदंड्याच्या कोटावरून समोर कोर्लईकडे पाहिले, तर मधल्या खाडीचा इतिहास निराळे सांगतो. मिसरचे आरमार आणि पोर्तुगीज ह्यांची पहिली झुंज मार्च १५०८ मध्ये ह्याच पाण्यात झाली.

मिसरवर तेव्हा मामलुकांचे राज्य होते. मामलुक म्हणजे विकत घेतलेला गुलाम. कोवळ्या वयात विकत आणून घोडेस्वारी शिकविलेले हे शिपाई पुढे स्वतःच राज्यकर्ते होऊन बसले. मलबारची मिरी तांबड्या समुद्रातून त्यांच्या मुलखात जाई आणि तेथून व्हेनिसचे व्यापारी ती युरोपात नेत. ह्या वाटेवरची जकात कैरोच्या तिजोरीचा मोठा आधार होती. १४९८ मध्ये वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला आला आणि त्या आधारालाच धक्का बसला. पोर्तुगीज अरबी समुद्रातील जहाजे लुटू-जाळू लागले. तेव्हा सुलतान कान्सू अल्-घौरी ह्याने अमीर हुसेन ह्या कुर्द सरदाराच्या हाताखाली हिंदुस्थानकडे आरमार धाडले. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा ह्याचा दीव येथील सुभेदार मलिक अयाझ त्याला येऊन मिळाला.

चौल हे निजामशाहीचे बंदर. तेथे पोर्तुगीज तांडा नांगरून होता. त्याचा नायक लोरेन्सु हा पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मेडा ह्याचा मुलगा. लढाईत त्याच्या जहाजाला पाण्याखाली भोक पडले आणि ते मच्छीमारांनी खाडीत रोवलेल्या खुंटांत जाऊन अडकले. लोरेन्सु तेथेच मारला गेला. सरदारांची नावे बखरकारांनी लिहून ठेवली; खुंट रोवणाऱ्यांचे नाव कोणी विचारले नाही.

विजय मोठा होता, पण एकजूट अकरा महिनेही पुरी टिकली नाही. मुलाचा सूड घेण्यासाठी व्हाइसरॉय दीववर चालून गेला आणि ३ फेब्रुवारी १५०९ रोजी मिसरचे आरमार मोडले. मलिक अयाझने चौलला धरलेले पोर्तुगीज कैदी मोठ्या काळजीने जपून ठेवले होते. ते परत करून त्याने तह केला. त्याला दगाबाज म्हणणे सोपे आहे. पण त्याचा जीव दीवच्या बंदरात होता, कैरोच्या तख्तात नव्हता. कामगार चळवळीत आम्ही हे लवकर शिकतो : वरच्यांची एकी नफ्याच्या वाटणीपुरतीच असते.

आता कैरोकडे वळू. घौरीने बंदूकवाल्यांची नवी पलटण उभी केली. परंतु घोड्यावर बसणाऱ्या उमरावांना बंदूक हे हलक्या माणसाचे हत्यार वाटे. त्या पलटणीला पगार कमी आणि मान त्याहून कमी. १५१५ मध्ये तिच्यातले बरेच लोक पुन्हा पोर्तुगीजांविरुद्ध म्हणून आरमाराबरोबर तांबड्या समुद्रात पाठविले गेले. इकडे उस्मानी तुर्कांचा सुलतान पहिला सलीम तोफा-बंदुका घेऊन उत्तरेकडून आला. ऑगस्ट १५१६ मध्ये घौरी रणात पडला आणि १५१७ मध्ये कैरोही गेले. चौलचा विजेता अमीर हुसेन ह्याला त्याच साली जेद्द्याजवळ समुद्रात बुडवून मारण्यात आले. जो सागर राखायला त्याला नेमले होते, त्यातच त्याचा शेवट झाला.

ह्या उलथापालथीचा चौलवर काय परिणाम झाला? पोर्तुगीजांना समुद्रावर अडविणारे काही काळ कोणी उरले नाही. निजामशाहीला लढाईसाठी अरबी आणि इराणी घोडे हवे होते, आणि होर्मुझ १५१५ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने त्यांना रेवदंड्यास कोट बांधू दिला. पुढे कोकणच्या जहाजांना स्वतःच्याच समुद्रात जाण्यासाठी पोर्तुगीजांचा परवाना विकत घ्यावा लागला. हा कोट मराठ्यांच्या हाती आला तो १७४० मध्ये.

तुर्क तरी तारणहार ठरले काय? १५३८ मध्ये सुलेमान पाशा मोठे आरमार घेऊन दीवला आला. वाटेत एडनच्या मुसलमान राजाला त्याने फाशी दिले होते. ती बातमी कळताच गुजरातच्या सरदारांनी हात आखडता घेतला आणि पाशाला वेढा उठवून परतावे लागले. धर्म एक होता, शत्रू एक होता. तरीही विश्वास नव्हता.

ही जुनी कहाणी म्हणून सोडून देऊ नका. आपल्याच जिल्ह्यात उरणजवळ न्हावा-शेवा बंदर आहे. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हूथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा २०२४ मध्ये युरोपकडे जाणारी पुष्कळ जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गेली, म्हणजे वास्को द गामाच्याच वाटेने. भाडे वाढले, दिवस वाढले. मार्च २०२४ मध्ये एडनच्या आखातात ‘ट्रू कॉन्फिडन्स’ ह्या जहाजावर क्षेपणास्त्र पडले आणि तीन खलाशी मेले. उरलेल्यांना आपल्या नौदलाच्या ‘कोलकाता’ ह्या युद्धनौकेने वाचविले. मेलेल्यांपैकी दोघे फिलिपाइन्सचे आणि एक व्हिएतनामचा. ज्या भांडणात ते गेले, त्यात त्यांच्या देशांचा काडीचाही संबंध नव्हता.

तख्ते बदलतात आणि बदलायलाही हवीत. गुलामांचे राज्य गुलामांनाच कमी पगार देऊ लागले, तर ते कोसळणारच. पण नवे तख्त आले म्हणजे समुद्र आपोआप सुरक्षित होतो, असा अनुभव चौलला आला नाही. म्हणून सुरक्षिततेचा नवा करार झाला असे वाचाल, तेव्हा त्यात जहाजावरच्या माणसासाठी काय लिहिले आहे, ते आधी पाहा. मग पान उलटा.