फाइल-संक्षेपण : कमांड लाइनवरील साधनाची घडण आणि वापर

पाकिटावर ‘मु. पो.’ लिहिले की ‘मुक्काम पोस्ट’ असे पूर्ण लिहिण्याची गरज उरत नाही. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात संकेत ठरलेला असला, तर थोड्या अक्षरांत मजकूर मावतो आणि तो पुन्हा जसाच्या तसा उलगडतोही. संगणकावरील फाइल-संक्षेपण, म्हणजेच कॉम्प्रेशन, याच तत्त्वावर उभे आहे. येथे हानिरहित संक्षेपणाचा विचार केला आहे. जेपेग छायाचित्रांत काही तपशील कायमचा गळतो, तसे यात होत नाही.

मराठी मजकूर जागा का व्यापतो?

तापीकाठच्या ‘बुऱ्हाणपूर’ या शहराचे नाव घ्या. युनिकोडच्या दृष्टीने त्यात काना, उकार, ऊकार व हलन्ताचे चिन्ह धरून १० चिन्हे आहेत. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणून हे नाव ३० बाइटांचे होते. रोमन लिपीत तेच ९ बाइटांत बसते. मात्र देवनागरी चिन्हाच्या तीन बाइटांपैकी पहिला नेहमी २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. ही पुनरावृत्ती संक्षेपणाच्या पथ्यावर पडते.

दोन मूळ कल्पना

पहिली कल्पना डेव्हिड हफमन यांची. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत विद्यार्थी असताना, अंतिम परीक्षेऐवजी लिहावयाच्या निबंधासाठी त्यांनी ती शोधली. १९५२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. वारंवार येणाऱ्या चिन्हास आखूड संकेत, क्वचित येणाऱ्यास लांब, हे तिचे सार. ‘काकाला’ या शब्दात काना ३ वेळा, क २ वेळा आणि ल एकदा येतो. कान्याला ०, क ला १० आणि ल ला ११ असे संकेत दिल्यास सारा शब्द ९ बिटांत बसतो; यूटीएफ-८ मध्ये त्याला १४४ बिट लागतात. पण संकेतांचा तक्ताही सोबत ठेवावा लागतो. म्हणूनच अगदी छोटी फाइल ‘संक्षेपानंतर’ मोठी झालेली आढळते.

दुसरी कल्पना अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव यांनी १९७७ मध्ये मांडली. बुऱ्हाणपूरवरील लेखात हे नाव दुसऱ्यांदा आले, की ३० बाइट पुन्हा न लिहिता ‘इतके मागे जा आणि ३० बाइट उचल’ एवढा निर्देश लिहायचा. या दोन्ही कल्पनांचा संगम म्हणजे डिफ्लेट पद्धत. १९९२ मध्ये ज्याँ-लू गायी आणि मार्क अ‍ॅडलर यांनी सिद्ध केलेले जीझिप हे साधन तीच वापरते. तिची स्मृती मात्र ३२,७६८ बाइटांची, म्हणजे जेमतेम ११ हजार देवनागरी चिन्हांची आहे. मोठ्या ग्रंथासाठी अधिक मागचे स्मरणारे एक्सझेड साधन सहसा सरस ठरते. त्याला वेळ मात्र जास्त लागतो.

स्वतःचे साधन घडविताना

शिकण्यासाठी हफमनची पद्धत सोपी आहे. फाइल अक्षरांच्या नव्हे, बाइटांच्या रूपात वाचावी. म्हणजे कोणतीही फाइल चालते. प्रत्येक बाइट किती वेळा आला ते मोजावे. सर्वांत कमी वेळा आलेले दोन घटक जोडून त्यांची बेरीज पुन्हा यादीत टाकावी आणि एकच घटक उरेपर्यंत हे करीत राहावे. तयार झालेल्या वृक्षात डावीकडे ० व उजवीकडे १ धरल्यास संकेत मिळतात. नव्या फाइलच्या आरंभी ओळखखूण, मूळ आकार आणि तक्ता लिहावा. बिट आठ-आठच्या गटांत बांधताना शेवटचा गट अपुरा राहतो. मूळ आकार नोंदलेला असल्यामुळे उलगडताना कोठे थांबायचे ते कळते. शेवटी सीआरसी-३२ हा पडताळा-अंक जोडावा.

वापर आणि सावधगिरी

पुढील पर्यायांची अक्षरे संगणकावर रोमन लिपीत, आधी उणे-चिन्ह देऊन टंकावीत. जीझिप काम संपताच मूळ फाइल काढून टाकते. ती राखण्यासाठी ‘के’ हा पर्याय द्यावा. ‘डी’ने फाइल उलगडते, ‘टी’ने तिची तपासणी होते. १ ते ९ हे अंक वेग आणि आकार यांतील तडजोड ठरवितात; काही न सांगितल्यास ६ धरला जातो. संपूर्ण फोल्डर आधी टार या साधनाने एकत्र बांधावे लागते. जेपेग, एमपी-३ यांसारख्या फाइल आधीच संक्षिप्त असल्याने फारसा लाभ होत नाही. संक्षेपण म्हणजे कुलूप नव्हे. गोपनीयता त्यातून मिळत नाही.

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. अशा लेखाच्या उताऱ्यात एक मात्रा गळाली तरी अर्थ पालटतो. आणि संक्षिप्त फाइलमधील एक बिट बिघडला, तर त्यापुढचा सारा मजकूर हातचा जाऊ शकतो. पडताळा-अंक बिघाड दाखवितो, दुरुस्त करीत नाही. म्हणून तपासणी यशस्वी झाल्यावाचून मूळ फाइल पुसू नये आणि मोलाच्या दस्तऐवजाची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी.