मोत्या रंगाचे हात

रंगाऱ्याच्या भाषेत हात म्हणजे थर. भिंतीला दोन हात, दाराला तीन. मी १९७८ साली, पंधराव्या वर्षी, नागपूरच्या गणेशपेठेतल्या एका गॅरेजात डेंटिंग-पेंटिंग शिकायला लागलो, तेव्हा उस्तादांनी रंग फवारायची गन हातात दिलीच नाही. पाण्याची बादली दिली आणि वॉटर पेपर दिला. वर्षभर मी नुसता पत्रा घासत होतो. बोटांच्या टोकांची कातडी इतकी झिजली की पुटीनची कड डोळ्यांना दिसायच्या आधी बोटाला लागायची. आज मोबाइलवर बघून घरीच गाडी रंगवणारी मुलं माझ्याकडे येतात, त्यांना मी आधी हेच सांगतो, की मोत्या रंग झाकत काही नाही, उलट खालचं सगळं उघडं पाडतो.

माझं घर महालातलं, चितार ओळीपासून हाकेच्या अंतरावर. भोसल्यांच्या काळापासून ही ओळ रंगावर जगत आली. गणपती, शारदा, दुर्गा आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल. लेकरांचा हा पोळा दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ मध्ये सुरू केला, असं आमच्याकडे सांगतात. लहानपणी मी तिथे तासन्‌तास उभा राहायचो. मुकुटाचा रंग ओला असतानाच म्हातारे मूर्तिकार अभ्रकाची बारीक पूड चिमटीने भुरभुरवत. मग मूर्ती दिव्याकडे वळवून समोरून नाही, बाजूने बघत. बाजूने बघण्याची ही सवय पुढे मला गाडीवर कामी आली.

गाडी मात्र ब्रशने रंगवण्याची गोष्ट नव्हे, हे जगाला कळायला वेळ लागला. सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीसारख्याच ब्रशने, वार्निशाने रंगवत आणि त्या वाळायला आठवडे लागत. अमेरिकेत टोलिडो गावी डीव्हिलबिस नावाचे घशाचे डॉक्टर होते. रोग्याच्या घशात औषध उडवायला त्यांनी फवारा तयार केला. त्यांच्या मुलाने त्याच फवाऱ्यावरून १९०७ मध्ये रंगाची गन बनवली. पुढे १९२३-२४ च्या सुमाराला ड्यूपाँटचा ड्युको आला, नायट्रोसेल्युलोजचा, झटपट वाळणारा. आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. ते नाव आपल्याकडे असं रुजलं की आजही सुतार कपाटाला ‘ड्युको मारू का?’ असं विचारतो.

आमच्या गॅरेजातही तोच नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे एनसी रंग होता. अँबेसेडर, फियाट, जीप. एनसी दयाळू रंग. ओघळ आला, कचरा बसला, तर वाळल्यावर घासा, पॉलिश मारा, विषय संपला. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढच्या काही वर्षांत धंदा पार पालटला. हार्डनर घालायचा टू-पॅक रंग आला, वर क्लिअर कोट आला, मेटॅलिक आला आणि मग पर्ल, म्हणजेच मोत्या रंग.

पर्लचा इतिहास मला फार आवडतो, कारण तो माशापासून सुरू होतो. सतराव्या शतकात पॅरिसमधल्या जाकाँ नावाच्या जपमाळा करणाऱ्याने नदीतल्या ब्लीक माशाच्या खवल्यांमधून चमक काढली आणि खोटे मोती बनवले. ती चमक गाडीवर परवडण्यासारखी नव्हतीच. १९६० च्या दशकात ड्यूपाँटमध्ये अभ्रकाच्या पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ लेप देण्याची युक्ती निघाली. पापुद्र्यात रंगद्रव्य नसतंच. प्रकाश लेपाच्या दोन्ही अंगांवरून परततो आणि त्या मिलाफातून मोत्याची झाक दिसते. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. ज्याला आम्ही परदेशी रंग म्हणत होतो, तो चितार ओळीतला अभ्रकच निघाला! आपल्या झारखंडात कोडरमा-गिरिडीहकडे तो जमिनीतून निघतो. तिथे लहान लेकरंही तो वेचतात, हे वाचल्यापासून पर्लचा डबा उघडताना मन थोडं थांबतं.

या पापुद्र्यांमुळेच पर्ल अवघड. पांढऱ्या पर्लमध्ये खाली साधा पांढरा, मध्ये अर्धपारदर्शक पर्ल, वर क्लिअर. मधल्या थराचे हात वाढले की छटाच बदलते. दारावर तीन हात आणि बोनेटवर चार झाले, तर एकाच डब्यातल्या रंगाच्या दोन गाड्या जोडल्यासारखं दिसतं. उस्ताद म्हणायचे, “हात मोजून मार बे पोट्ट्या, डोये काय सांगतात ते मंग पाय.” त्यांनी स्वतः पर्ल फार थोडा मारला, पण पर्लसाठी याहून खरं वाक्य मी ऐकलेलं नाही.

नागपूरचं ऊन हा वेगळाच अध्याय. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या दिवसांत मी सकाळी दहाला एक बोनेट घेतलं. गनमधून सुटलेला थेंब पत्र्यावर पोचायच्या आधीच सुकत होता. पापुद्रे आडवे निजलेच नाहीत. पृष्ठभाग खरखरीत आणि वर ढगासारखे काळपट डाग. सगळं घासून काढावं लागलं. तेव्हापासून नवतपात, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या त्या नऊ कडक दिवसांत, मी पर्ल घेतच नाही. घ्यावाच लागला, तर पहाटे पाचला, आदल्या रात्री जमीन भिजवून, संथ वाळणारा थिनर घालून.

गेल्या हिवाळ्यात लेकीच्या पर्ल आर्क्टिक व्हाइट स्विफ्टचं बोनेट मी अंगणातच केलं. आधी पत्र्याचे तीन तुकडे रंगवले, दोन, तीन आणि चार हातांचे, आणि तिन्हींवर क्लिअर मारलं. दाराला लावून उन्हात पाहिले, सावलीत पाहिले, बाजूने पाहिले. तीनवाला जुळला. घरच्या छोट्या कंप्रेसरची टाकी बोनेटच्या मध्यावर रिकामी होते, दाब उतरतो आणि नेमका तिथे पट्टा येतो. म्हणून प्रत्येक फेरी झाली की टाकी भरेपर्यंत थांबलो. गन पत्र्यापासून एक वीत, मनगट न वळवता अख्खा हात सरळ नेला. नवी फेरी जुनीच्या निम्म्याहून जास्त भागावर चढवली. डबा सतत ढवळत राहिलो, कारण अभ्रक तळाशी बसतो. एका हाताची ओली चमक मंद झाल्यावरच दुसरा हात. तिसरा हात मात्र दीड वितीवरून, दाब कमी करून, नुसता धुक्यासारखा सोडला. त्यानेच ढग मोडतात. पर्लची कड फेंडरवर विरत नेली, म्हणजे डोळ्याला जोड सापडत नाही. क्लिअरच्या वेळी फिल्टरचा मास्क लावला. क्लिअरच्या हार्डनरमधली आयसोसायनेटं छाती कायमची बिघडवतात. रुमाल बांधून काम केलेल्या माझ्या पिढीतले किती जण आज दम्याने बसून आहेत.

यंदा गणपतीच्या आधी चितार ओळीत गेलो होतो. आता तिथेही कंप्रेसर धडधडतो. एक तरुण मूर्तिकार मूर्तीच्या अंगावर मोत्या रंग फवारत होता. गन ठेवून त्याने मूर्ती बल्बकडे वळवली, मान कलती करून बाजूने पाहिली आणि पुन्हा गन उचलली.

“कितवा हात, भाऊ?” मी विचारलं.

“चौथा,” तो म्हणाला, “काका, जरा उजेड सोडा.”