चिलटाच्या मेंदूतला डिंक

विज्ञानाचे मास्तर रजेवर गेले की त्यांचा तास माझ्याकडे यायचा. मी मराठी-इतिहासवाला. पुस्तकात असेल तेच सांगायचो, की चेतापेशी निरोप नेतात आणि मधली ग्लिया म्हणजे नुसता डिंक. तसं जर्मनीच्या फिरखोव्हनं १८५६ साली नावच दिलं होतं; ग्लिया म्हणजे ग्रीक भाषेत डिंक. मी मुलांना चुकीचं शिकवलं, हे मला फार उशिरा कळलं.

कळलं ते केळ्यावर घोंघावणाऱ्या चिलटांमुळे. होमी भाभांच्या बोलावण्यावरून ओबेद सिद्दिकी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९७६ साली त्यांनी आणि अमेरिकेच्या बेंझर यांनी जरा उष्णता वाढली की लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांवर निबंध लिहिला. अशाच एका लुळ्या माशीतला 'पॅरा' जनुक म्हणजे चेतापेशीतलं सोडियमचं दार, हे पुढं उघड झालं. डीडीटी आणि पायरेथ्रॉइड औषधं नेमकी याच दारावर बसतात. आमच्या परभणीकडे कपाशीवर बोंडअळीसाठी पंप पाठीला लावून जे फवारलं, त्यातलं बरंचसं हेच होतं!

आता अळीचं रक्त बघा. पानं खाणाऱ्या किड्यांच्या रक्तात पोटॅशियम इतकं असतं, की ते थेट चेतापेशीपर्यंत पोचलं तर निरोपच बंद पडतील. ग्लिया पेशी मेंदूभोवती घट्ट कडं करून ते बाहेर थोपवतात. हा डिंक नव्हे, ही गावाची वेस. फवारणीचं औषध मात्र तेलात विरघळणारं, ते वेशीतून सरळ आत शिरतं.

सिद्दिकींकडे वेरोनिका रॉड्रिग्ज नावाची मुलगी आली. आईवडील गोव्याचे, जन्म केनियाचा, शिक्षण युगांडा आणि डब्लिनमध्ये. वास न कळणाऱ्या माश्या तिनं शोधल्या आणि १९८१ साली पीएचडी मिळवली. (मुलगी म्हणतोय, पण पुढं त्या मोठ्या प्राध्यापक झाल्या. मास्तरकीची खोड.) २००० नंतर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी माशीच्या मिशीतली ग्लिया तपासली. 'एटोनल' हा जनुक नसला, तर तिथली बरीचशी ग्लिया तयारच होत नाही. ही ग्लिया चेतातंतूंच्या जुड्या बांधून त्यांना गुंडाळते. त्याच कुळातल्या चेतापेशींचे तंतू मेंदूत आधी पोचतात आणि बाकीच्यांची वाट पाडतात, हेही त्यांनी दाखवलं.

१० नोव्हेंबर २०१० रोजी रॉड्रिग्ज बंगळूरला गेल्या. सिद्दिकी २०१३ साली.

माझ्या त्या वर्गातली काही मुलं आता स्वतः मास्तर आहेत. एकाला परवा फोन करून सांगितलं, डिंकाचं खोडून टाक. तो म्हणाला, "सर, मी तर तुमचंच शिकवत आलो."