कथलाची करकर

माठ विकत घेताना आधी त्यावर बोटाची पेरं वाजवून बघतात. खणखणला तर घ्यायचा, बद्द वाजला तर परत ठेवायचा. रुपयाही दगडावर आपटून पारखला जाई. आज गॅसच्या टाक्या आणि बॉयलर यांच्यातले दोष ध्वनी टिपणारे सेन्सर लावून शोधतात, ती याच रीतीची सुधारलेली आवृत्ती, असं समजणं सोपं आहे. मला ते चूक वाटतं, आणि चूक का, ते दख्खनच्या तोफांवरून कळतं. 1632 मध्ये परांड्याची मुलूखमैदान तोफ विजापूरला गेली. ती 1549 मध्ये अहमदनगरला महंमद बिन हुसेन रूमी याने ओतली होती. वजन सुमारे पंचावन्न टन, तोंडाचा व्यास दोन फुटांहून जास्त. तोफ म्हणजे क्षणभर प्रचंड दाब सोसणारं भांडंच. या तोफेवर ठोकलं तर ती घंटेसारखी वाजते, कारण तिच्या धातूत तांब्यात जवळजवळ वीस टक्के कथील आहे. हे प्रमाण घंटेचं आहे. तोफेला साधारण दहा टक्के पुरतं. कथील वाढलं की आवाज सुरेल होतो, पण धातू ठिसूळ होतो. म्हणजे ठोकून आलेला खणखणाट एवढंच सांगतो की भांडं अखंड आहे. बार भरल्यावर ते टिकेल का, हे तो सांगत नाही.

खरा पूर्वज त्याच कथलात आहे, पण दुसऱ्या आवाजात. कथलाची कांडी कानाजवळ धरून हळूच वाकवा, करकर ऐकू येते. कल्हईवाल्याच्या हातातली ही ओळखीची गोष्ट. इथे कुणी ठोकलेलं नसतं. धातूच्या आतले स्फटिक ताणाखाली अचानक सरकतात आणि धातू आपणहून बोलतो. 1950 मध्ये म्युनिकला योझेफ कायझर यांनी आपल्या प्रबंधात हेच मोजलं आणि एक विलक्षण गोष्ट दाखवली: आधी सोसलेल्या कमाल ताणाच्या पुढे गेल्याशिवाय धातू बहुधा पुन्हा बोलत नाही. पुढे 1960 च्या दशकात अमेरिकेत रॉकेटच्या दाबकवचांवर ही पद्धत वापरली गेली. टाकीत पाणी भरून दाब पायरीपायरीने वाढवतात. भेग किंचित पुढे सरकली की कानाला न ऐकू येणारी लहर उठते आणि पृष्ठभागावर चिकटवलेल्या सेन्सरांपर्यंत वेगवेगळ्या क्षणी पोचते. पोलादात तिचा वेग सेकंदाला तीन किलोमीटर धरला, तर एक हजारांश सेकंदाचा फरक म्हणजे तीन मीटरचं अंतर. अशा फरकांवरून भेगेची जागा निघते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर जिल्ह्यात किल्लारी हादरली, तेव्हा भूकंपाचं केंद्र याच हिशेबाने काढलं गेलं. पद्धतीचं नातं माठापेक्षा भूकंपमापकाशी जास्त जवळचं आहे.

यावर कुणी विचारील, नुसत्या पाण्याच्या चाचणीने भागत नाही का? जुने तोफखानेही जादा दारू भरून तोफ पारखत. पण त्या परीक्षेत भांडं एकतर फुटतं किंवा टिकतं. टिकलेल्या भांड्यात भेग किती वाढली, हे कळत नाही. दुसरा आक्षेप जड आहे: जी भेग वाढत नाही ती गप्प राहते, आणि पंपाचा, वाऱ्याचा, पावसाचा गोंगाट मधे येतो. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. शांत राहिलेली टाकी निर्दोष ठरत नाही. त्या दिवशीच्या दाबाला तिच्यात काही हललं नाही, एवढंच ठरतं. म्हणून आवाज आलेल्या जागी खडूने गोल काढून तिथे अल्ट्रासॉनिक प्रोब फिरवतात आणि भेगेची खोली मोजतात. पुढच्या तपासणीत मागच्या काळातला कमाल दाब किती होता, हे वहीत बघून त्याहून थोडा जास्त दाब द्यावा लागतो; कमी दिला, तर कायझरच्या नियमाप्रमाणे धातू बहुधा बोलणार नाही.