कॅमेरा, डिजिटल : नवशिक्याची परवडणारी निवड (टेमघर, भिवंडी)

फोटोग्राफी शिकू पाहणाऱ्याने पहिला डिजिटल कॅमेरा बेताच्या पैशांत कसा निवडावा, याचा विचार या नोंदीत टेमघर व भिवंडी परिसर डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. कोणता कॅमेरा चांगला, या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे उत्तर नसते. काय टिपायचे आहे आणि तिथे उजेड किती आहे, हे आधी ठरवावे लागते. टेमघर हा भिवंडी-निजामपूर महापालिकेच्या हद्दीतला, भिवंडी-कल्याण रस्त्यालगतचा भाग. उल्हास नदीचे पाणी शहाडला उचलून शुद्ध करणारी शहाड-टेमघर योजना (स्टेम) आणि ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ या मार्गावरील नियोजित स्थानक यांमुळे हे नाव जिल्ह्यात परिचित आहे. भिवंडीत फोटोसाठी विषयांची वाण नाही: यंत्रमागांचे कारखाने, गोदामे, ट्रकांच्या रांगा, कामवारी नदी, लग्ने, उरूस, गणपती. मात्र यांतले बरेचसे विषय छपराखाली, रात्री किंवा भर पावसात सापडतात. हलणारा विषय आणि अपुरा उजेड ही इथली खरी अडचण असल्यामुळे निवडीची सुरुवातही तिथूनच करावी.

हौशी माणसाला झेपेल असा कॅमेरा ही गरज जुनी आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली आणि लगेचच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचे शिक्षण सुरू झाले. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईतल्या पहिल्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक. पण तेव्हाचा खर्च सामान्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. स्वातंत्र्यानंतर मध्यमवर्गीय घरांत पहिला कॅमेरा म्हणून पोहोचला तो बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री. १२० च्या रोलवर त्यात बारा चौकोनी फोटो निघत. फोकस लावायची सोय नव्हती, आणि म्हणून चुकायची भीतीही नव्हती. डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये कोडॅक कंपनीत तयार केला. त्यात ०.०१ मेगापिक्सेलचे एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. २००३ मध्ये कॅनन ३०० डी आला आणि लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा प्रथमच हजार डॉलरच्या आत मिळू लागला. हौशी लोकांसाठी खरे दार तेव्हा उघडले.

पुढे मोबाइलने स्वस्त कॅमेऱ्यांचा बाजार जवळजवळ संपवला. जपानी उत्पादक संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली कारखान्यांतून बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाहेर पडले होते. २०२३ मध्ये ती संख्या ऐंशी लाखांच्याही खाली आली. तेव्हा हातात बरा फोन असेल तर कॅमेरा घ्यायचाच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. स्थिर वस्तू, जेवणाचे ताट, दिवसाउजेडीचे घोळक्याचे फोटो यांसाठी फोन पुरतो. किंबहुना कमी उजेडात स्थिर विषय असेल तर फोन अनेक फ्रेम एकत्र करून साध्या किट लेन्सच्या कॅमेऱ्यावर मातही करतो. तो उणा पडतो हलणाऱ्या विषयापुढे, दूरच्या विषयापुढे, आणि शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), अपर्चर (लेन्सचे छिद्र किती उघडायचे) व आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) यांचा एकमेकांशी असलेला हिशेब हाताने शिकायचा असेल तेव्हा. यांपैकी एकही गरज नसेल तर पैसे खर्चू नयेत.

दुकानात आणि जाहिरातीत सर्वांत आधी मेगापिक्सेलचा आकडा पुढे केला जातो. नवशिक्याने तो सर्वांत शेवटी पाहावा. ८ × १२ इंचांचा चांगला प्रिंट काढायला इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने २४०० × ३६०० ठिपके लागतात, म्हणजे नऊ मेगापिक्सेलही पुरे होतात. २४ मेगापिक्सेलमधून वीस इंच रुंदीचा प्रिंट निघतो, आणि एवढा मोठा प्रिंट घरोघरी कोणी काढत नाही. महत्त्वाचा आहे तो सेन्सरचा आकार. साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा १/२.३ इंची सेन्सर सुमारे ६.२ × ४.६ मिलिमीटर असतो, तर एपीएस-सी सेन्सर सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटर (कॅननचा किंचित लहान). क्षेत्रफळात हा फरक बारा-तेरा पट पडतो. अंधाऱ्या जागी चित्रावर येणारे रंगीत दाणे या क्षेत्रफळावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात. एक इंची सेन्सर या दोहोंच्या मधला. शिकण्यासाठी कॅमेरा हवा असेल तर एपीएस-सीच्या खाली येऊ नये. ऑनलाइन दोन-चार हजारांत ‘४८ मेगापिक्सेल, ४ के’ म्हणून विकले जाणारे अनोळखी ब्रँडचे कॅमेरे तर घेऊच नयेत. त्यांचा आकडा चित्र फुगवून आलेला असतो आणि लेन्सचा फोकस बहुधा कायमचा एका ठिकाणी बसवलेला असतो.

सेन्सरनंतर लेन्स, आणि खरे तर बॉडीपेक्षा लेन्सच अधिक मोलाची. भिवंडीचा यंत्रमाग हे याचे उत्तम उदाहरण. मागांच्या दोन रांगांमधली वाट अरुंद, वर ट्यूबलाइट किंवा एलईडी, हवेत सुताचे तंतू, आणि साध्या मागावर मिनिटाला शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे धावणारा धोटा. कारागीर तुटलेला धागा जोडतो किंवा रिकामी कांडी बदलतो, तेव्हा त्याचे हात क्षणभरच स्थिरावतात. हे हात टिपायला शटर निदान १/१०० सेकंद हवे. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची किट लेन्स ३५ मिलिमीटरवर साधारण एफ/४.५ पर्यंतच उघडते. अशा ठिकाणी ती लावून आयएसओ ६४०० ठेवावा लागला, तर एफ/१.८ पर्यंत उघडणाऱ्या ३५ मिलिमीटरच्या लेन्सला तोच फोटो आयएसओ १००० च्या आसपास मिळतो, कारण ती सहा पटींहून अधिक उजेड आत घेते. चेहऱ्यावरच्या घामाचे थेंब आणि नुसता दाणेदार धब्बा यांत एवढे अंतर पडते, आणि ते भरून काढायला बॉडी बदलायची गरज नसते.

याच जागेत आणखी दोन गोष्टी कळतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते. शटर १/१०० किंवा १/५० ठेवले तर उजेड सारखा येतो. १/५०० ठेवले की एक फोटो पिवळट, दुसरा काळपट असा खेळ सुरू होतो. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरवर तर आडवे पट्टेच उमटतात, आणि धावता धोटा तिरपा वाकलेला दिसतो. म्हणून मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेताना त्यात यांत्रिक शटर आहे का, निदान पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक व दुसरा यांत्रिक अशी सोय आहे का, हे विचारून घ्यावे. १/१०० ला धोटा स्थिर दिसणार नाही, त्याची लांब रेघ उमटेल. ती उमटू द्यावी. हात स्पष्ट आणि धोटा रेघ, असा फोटो सगळे काही गोठवलेल्या फोटोपेक्षा मागाची गती जास्त खरी सांगतो. मालकाची आणि कारागिराची परवानगी घ्यावी, आणि मागाच्या बाजूला धोट्याच्या रेषेत कधीही उभे राहू नये, कारण सुटलेला धोटा माणसाला जखमी करतो.

या कसोटीवर बाजाराकडे पाहिले तर नव्या डीएसएलआर (आत आरसा असलेल्या) मॉडेलांचा ओघ थांबला आहे. कंपन्यांचे सारे लक्ष मिररलेसकडे आहे. नव्या मिररलेसपैकी कॅननचे आर १०० व आर ५० (दोन्ही २०२३), निकॉनचा झेड ३० (२०२२) आणि सोनीचा झेडव्ही-ई१० (२०२१) हे नवशिक्यांपुढे ठेवले जातात. किट लेन्ससह त्यांचा खर्च साधारण पन्नास ते सत्तर-पंचाहत्तर हजारांच्या घरात जातो. शेवटचे दोन मुख्यतः व्हिडिओ करणाऱ्यांसाठी आहेत आणि त्यांना डोळा लावायचा व्ह्यूफाइंडर नाही. भर उन्हात रस्त्यावर मागच्या पडद्यावर काहीच दिसत नाही, ही अडचण दुकानातल्या दिव्यांखाली लक्षात येत नाही.

खिसा याहून हलका असेल, आणि नवशिक्याचा बहुधा असतोच, तर वापरलेला डीएसएलआर हा आजचा सर्वांत शहाणा सौदा आहे. लोक मिररलेसकडे वळल्यामुळे उत्तम स्थितीतल्या जुन्या बॉड्या स्वस्त झाल्या आहेत. निकॉन डी३५०० (२०१८) किंवा त्याआधीचे डी३३००, डी३४०० आणि सोबत निकॉनचीच ३५ मिलिमीटर एफ/१.८ जी डीएक्स ही जोडी या परिसरातल्या कामाला सर्वांत जुळणारी आहे. कॅननकडे १५०० डी (२०१८) किंवा २०० डी मालिका पाहावी. मात्र कॅननची सर्वांच्या तोंडी असलेली ५० मिलिमीटर एफ/१.८ एपीएस-सी बॉडीवर ८० मिलिमीटरसारखी वागते. लग्नात वधूवरांच्या चेहऱ्यासाठी ती सुरेख, पण मागांच्या अरुंद वाटेत मागे सरकायला जागाच उरत नाही.

जुन्या बाजारात काही सापळे ठरलेले आहेत. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यामुळे स्वस्तात मिळणारी जुनी ५० मिलिमीटर एफ/१.८ डी लेन्स त्यांवर बसते, पण फोकस हाताने लावावा लागतो. कॅननचा एम ५० दिसायला देखणा आणि किमतीला मोहात पाडणारा, पण त्याचा ईएफ-एम माउंट कंपनीने बंद केला आहे, म्हणजे पुढे नवी लेन्स येणार नाही. तरुणांत सध्या २००० च्या दशकातल्या छोट्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांची हौस आहे. त्यांतल्या काहींना लागणारी एक्सडी कार्डे किंवा मेमरी स्टिक आता शोधूनही मुश्किलीने मिळतात. कॅमेरा घेण्याआधी त्याचे कार्ड आणि बॅटरी मिळते का, हे पाहावे.

वापरलेला कॅमेरा हातात आला की घाई करू नये. लेन्सच्या एका टोकाने मोबाइलची टॉर्च आत टाकून दुसऱ्या टोकाने पाहिले की कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे धागे दिसतात. कोकणपट्टीतल्या लेन्सला हा रोग हटकून जडतो, आणि तो दिसला तर भाव कितीही पाडून दिला तरी ती लेन्स घेऊ नये. अपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२ ठेवून कोऱ्या आकाशाचा फोटो काढला की सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपात दिसते. धूळ साफ होते, ओरखडा जात नाही. टोपण लावून दीर्घ शटरचा फोटो काढला की बिघडलेले पिक्सेल चमकतात. शटर किती वेळा उघडले आहे तो आकडाही काढून घ्यावा. निकॉनने डी३५०० चे शटर एक लाख वेळांसाठी तपासले आहे, त्यामुळे वीस-तीस हजारांचा आकडा असेल तर निश्चिंत राहावे. बॅटरीच्या कप्प्यातल्या पट्ट्यांवर हिरवट गंज असेल तर कॅमेरा पाण्यात गेला असण्याची शक्यता असते. बिल, खोका आणि बॉडीवरचा अनुक्रमांक जुळत नसेल तर सौदा सोडून द्यावा.

टेमघरहून खरेदीला जायचे तर कल्याण गाठून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आणि समोरच फोर्टमधला बोरा बाजार हा सरळ रस्ता. मुंबईतला कॅमेऱ्यांचा जुना आणि मोठा बाजार हाच. नवी-जुनी बॉडी, लेन्स, दुरुस्ती असे सगळे तिथे जवळजवळ सापडते. जवळच सर ज. जी. उपयोजित कला संस्था असल्यामुळे फोटोग्राफी शिकणाऱ्यांचीही तिथे ये-जा असते. ऑनलाइन मागवलेला कॅमेरा कदाचित भिवंडीच्याच एखाद्या गोदामातून निघालेला असेल, पण तो हातात धरून पाहता येत नाही. पकड आपल्या हाताला बसते का, बोट शटरवर आपोआप जाते का, हे दुकानातच कळते. बोरा बाजारात जाताना आपले मेमरी कार्ड सोबत न्यावे आणि दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे उजेड कमी असेल तिथे, फोटो काढून पाहावेत.

बिलाशिवाय स्वस्तात देतो, असे सांगणारे विक्रेते भेटतात. डिजिटल कॅमेऱ्यावर जुलै २०१७ मध्ये २८ टक्के जीएसटी होता, तो १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्के झाला. तेवढे वाचवण्याच्या मोहात कंपनीची भारतातली वॉरंटी हातची जाते. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि एमआरपी छापलेली असणे कायद्याने बंधनकारक आहे. ते लेबल नसेल तर माल मागच्या दाराने आलेला समजावा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, मात्र तिथेही पहिल्यांदा बिलच विचारले जाते.

अंदाजपत्रकात बॉडी-लेन्सखेरीज काही रक्कम बाजूला ठेवावी लागते: एक जादा बॅटरी, नामांकित कंपनीचे ३२ किंवा ६४ जीबी कार्ड (व्हिडिओ करायचा असेल तर व्ही३० खुणेचे), आणि रबरी ब्लोअर. मागाच्या कारखान्यात लेन्स बदलू नये, कारण सुताचा तंतू एकदा सेन्सरवर बसला की प्रत्येक फोटोत दिसतो. बाहेर आल्यावर कॅमेरा आधी ब्लोअरने झाडावा, मगच कापड लावावे. तोंडाने फुंकर मारू नये. जून ते सप्टेंबर कॅमेरा कातडी केसमध्ये कपाटात ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि शे-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक एवढ्यावर काम भागते. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. ओलावा शोषून रंग बदललेले जेल तापवून पुन्हा वापरता येते. पण निळ्या रंगाच्या जेलमध्ये कोबाल्टचा विषारी क्षार असतो, म्हणून ते स्वयंपाकाच्या कढईत तापवू नये. शक्य तर नारिंगी रंगाचे कोबाल्टविरहित जेल मागून घ्यावे.