किशोर फुटबॉलपटू : संप्रेरके, सरावभार आणि शारीरिक क्षमता

पौगंडावस्थेतील फुटबॉलपटूंची संप्रेरके, त्यांच्यावरील सरावाचा भार व त्यांची शारीरिक क्षमता यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास. एकाच वयोगटातील मुलांच्या जैविक वयात दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते; त्यामुळे सराव ठरवताना जन्मतारखेबरोबर शरीराची पक्वता पाहणे अत्यावश्यक ठरते.

संप्रेरके : उंचीवाढीचा वेग मुलींमध्ये साधारणतः १२ व्या, तर मुलग्यांमध्ये १४ व्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असतो, मुलगे तेव्हा वर्षाला ९-१० सेंमी. वाढू शकतात. या काळात मुलग्यांमध्ये टेस्टोस्टेरोन वाढून स्नायू व हीमोग्लोबिन वाढतात. वेग, ताकद व दमसास सुधारतात. वृद्धिसंप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवते. कॉर्टिसॉल ताणाच्या वेळी ऊर्जा उपलब्ध करून देते. मात्र त्याची पातळी दीर्घकाळ चढी राहिल्यास स्नायूंतील प्रथिनांचे विघटन वाढते. टेस्टोस्टेरोन व कॉर्टिसॉल यांच्या गुणोत्तरात ३० टक्क्यांहून अधिक घट ही प्रौढ खेळाडूंमध्ये अतिश्रमाची संभाव्य खूण मानली गेली. किशोरांमध्ये टेस्टोस्टेरोन वयानुसारच वाढत असल्याने हा निकष जसाच्या तसा लावता येत नाही. दोन्ही संप्रेरकांची पातळी सकाळी जास्त व संध्याकाळी कमी असते; म्हणून ती मोजण्यासाठी लाळेचे नमुने ठरावीक वेळी घेऊन खेळाडूची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या नोंदींशी करतात.

सरावभार : कापलेले अंतर व वेगवान धावा हा बाह्य भार, हृदयगती व जाणवलेले श्रम हा अंतर्गत भार. कार्ल फॉस्टर यांच्या पद्धतीत सरावाची मिनिटे आणि खेळाडूने श्रमांना ० ते १० पैकी दिलेले गुण यांचा गुणाकार करतात. ९० मिनिटांच्या सरावाला ६ गुण दिल्यास भार ५४० एकके होतो.

क्षमता व निवड : डेन्मार्कच्या येन्स बांग्सबो यांची यो-यो चाचणी, छोट्या अंतराच्या धावा व उभी उडी यांद्वारे क्षमता मोजतात. लवकर वयात येणारी मुले यांत बहुधा सरस ठरतात आणि उशिरा वाढणारे गुणी खेळाडू निवडीत मागे पडतात. यावर उपाय म्हणून इंग्लंडमधील अकादमींनी पक्वतेनुसार गट पाडून सामने खेळवले आहेत.

धोके व दक्षता : वेगवान वाढीच्या काळात गुडघ्याखालील व टाचेच्या वाढत्या हाडांवर ताण येऊन दुखणी उद्‌भवतात. अपुऱ्या आहारामुळे मुलींची पाळी थांबू शकते व हाडे कमकुवत होतात. दर तीन महिन्यांनी उंचीची नोंद, वाढीच्या काळात उड्या व वेगवान धावांवर मर्यादा, पुरेशी झोप आणि पोटभर सकस आहार ही प्रशिक्षकांची व पालकांची प्राथमिक जबाबदारी आहे.